पाठमोरें आसन

मनुष्यानें वाहनें कशीं निर्माण केलीं याचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. चाकाचा शोध, घोड्याचें माणसाळणें, वाफेचें यंत्र, तेलाचें यंत्र, ही परंपरा शाळकरी मुलांनाही पाठ असते. परंतु त्या वाहनांत तान्हें मूल कोठें बसत असे, कोणाकडे तोंड करून बसत असे आणि त्याचे पाय कोठें असत, हा प्रश्न इतिहासकारांनीं क्वचितच विचारला. प्रश्न क्षुल्लक वाटतो खरा. पण आज भंडाऱ्याचें एखादें कुटुंब दीड वर्षाचें मूल घेऊन स्वतःच्या मोटारीनें नागपुरास निघतें, तेव्हां घरांतल्या वादाचा विषय नेमका हाच असतो. मुलाचें आसन मागच्या बैठकीवर पाठमोरें बांधलेलें असतें. म्हणजे मुलाचें तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे असतें आणि त्याचे पाय बैठकीच्या पाठीला टेकून दुमडलेले असतात. आजी म्हणते, "लेकराचे पाय अवघडले ना! दे त्याला माझ्या मांडीवर." सून म्हणते, "नको, आई. राहूं द्या त्याला तसाच." दोघींचीही माया खरी, दोघींचीही काळजी खरी. मग बरोबर कोण? या प्रश्नाचें उत्तर मिळावयाचें तर मांडीपासून पाठमोऱ्या आसनापर्यंतचा सारा मार्ग एकदां चालून पाहिला पाहिजे.

भंडारा हा तळ्यांचा आणि धानाचा जिल्हा. वैनगंगेच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या या मुलखांत मुलाचें पहिलें वाहन म्हणजे आईची कड. कडेवर बसलेलें मूल आईच्या कमरेस दोन्ही पायांनीं विळखा घालतें; त्याचे गुडघे वांकलेले आणि मांड्या फांकलेल्या असतात. दुसरें वाहन म्हणजे झोळी. रोवणीच्या दिवसांत बाया बांधींतल्या चिखलांत उतरतात, तेव्हां धुऱ्यावरच्या झाडाला जुन्या लुगड्याची झोळी बांधून तिच्यांत मूल निजवितात. झोळींत मुलाचे पाय पसरलेले नसतात. कापडाच्या बांकाप्रमाणें तें अंगाची मोट करून निजतें आणि तासन्‌ तास सुखानें निजतें. तिसरें वाहन बैलाचें. बंडी, छकडा, रेंगी अशीं त्याचीं नांवें; त्यांत तणस पसरून त्यावर सतरंजी घालावयाची आणि मूल मांडीवर घेऊन बसावयाचें, ही पिढ्यान्‌ पिढ्यांची रीत.

या तिन्ही वाहनांत मुलाला धरून ठेवण्याचें काम माणसाच्या हातांचें किंवा लुगड्याच्या गांठीचें असे, आणि तें काम त्यांना साधत असे. त्याचें कारण सरळ आहे. ओझ्याची बैलगाडी ताशीं चार-पांच किलोमीटरांहून अधिक चालत नाहीं. ती अडखळली किंवा थांबली तरी मांडीवरचें मूल फार तर पुढें झुकतें. आईचा हात त्याला सांवरतो. आजीच्या मांडीवरचा विश्वास हा भाबडेपणा नव्हे. बैलगाडीच्या वेगाला तो पूर्णपणें पुरेसा होता, आणि शेंकडों वर्षें पुरेसा ठरला.

मग आगगाडी आली. १८८७ मध्यें स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनें नागपूरहून छत्तीसगडाकडे जाणारा मार्ग आपल्या हातीं घेतला, आणि वरठी येथील भंडारा रोड हें स्थानक जिल्ह्याच्या परिचयाचें झालें. आगगाडीचा वेग बैलगाडीच्या कितीतरी पट. तरीही मांडीचा अधिकार तेथें ढळला नाहीं. कारण आगगाडी फार जड असते, ती हळूहळू वेग घेते आणि हळूहळू सोडते. डब्यांतल्या बांकावर मूल कोणत्याही दिशेस तोंड करून बसलें तरी त्याच्या मानेला त्याचें कांहींच वाटत नाहीं. अशा रीतीनें वेग वाढला तरी धक्का वाढला नाहीं, आणि वेग म्हणजे धोका नव्हे अशी समजूत लोकांत रुजली. पुढें मोटारीनें ती खोटी ठरविली.

युरोपांत याच सुमारास मुलांच्या गाडीचा निराळा इतिहास घडत होता. १७३३ मध्यें इंग्लंडांतील विल्यम केंट या वास्तुशिल्पकारानें डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठीं एक छोटी गाडी बनविली; ती ओढण्यास बकरीसारखें लहान जनावर जुंपावयाचें होतें. पुढें आया आणि दाया ढकलीत नेतील अशा गाड्या निघाल्या. १८८९ मध्यें अमेरिकेंतील विल्यम रिचर्डसन यानें अशा गाडीचें पेटंट घेतलें कीं तिच्यांतील पाळणा फिरवून मुलाचें तोंड आईकडे करतां येई. मुलाचें तोंड पुढें असावें कीं मागें, हा प्रश्न यंत्रविद्येच्या दारीं तेव्हां प्रथम आला. पण त्यामागें धक्क्याचा विचार नव्हता, डोळ्यांच्या भेटीचा होता.

मोटार आली आणि मूल पुन्हां मांडीवर बसलें. १९३३ मध्यें अमेरिकेंत मुलांसाठीं उंच बैठक विकली जाऊं लागली. परंतु तिचा हेतु एवढाच कीं मागें बसलेलें मूल आईबापांच्या नजरेंत राहावें. पुढें बैठकीच्या पाठीवर अडकविण्याचीं तारेचीं आणि किंतानाचीं आसनें निघालीं. कांहींना तर खेळण्यांतलें सुकाणूंचें चाकही लावलेलें असे. त्यांतील एकही आसन मुलाला वांचविण्यासाठीं केलेलें नव्हतें. भारतांत सामान्य मध्यमवर्गीय घराच्या दारीं मोटार उभी राहण्यास फार उशीर लागला. १४ डिसेंबर १९८३ रोजीं मारुति ८०० गाडीच्या पहिल्या किल्ल्या ग्राहकाच्या हातीं पडल्या, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत मोटार ही जिल्ह्याच्या गांवांतील डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांच्या अंगणांतली वस्तु झाली. गाडी नवी होती, पण तिच्यांत मूल बसविण्याची रीत रेंगींतलीच राहिली.

आतां वेगाचें गणित पाहूं गेलें तर तें असें आहे. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी दर सेकंदास सुमारें १४ मीटर अंतर कापते. ती एखाद्या झाडावर किंवा समोरच्या मालमोटारीवर आदळली तर सुमारें एक दशांश सेकंदांत थांबते. गाडी थांबते, पण तिच्यांतील माणसें थांबत नाहींत. न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणें तीं त्याच वेगानें पुढें जात राहतात. दहा किलो वजनाच्या मुलास तेवढ्या अवधींत थोपवून धरावयाचें तर सरासरी १४० किलोचें ओझें पेलण्याएवढें बळ हातांत हवें. तेंही आगाऊ सूचना न मिळतां, आणि स्वतःचें शरीर त्याच क्षणीं पुढें फेंकलें जात असतां. कोणत्याही आजीचे, कोणत्याही पहिलवानाचे हात येथें पुरे पडणार नाहींत. हा मायेचा पराभव नव्हे, स्नायूंचा आहे. आणि ५० किलोमीटर हा कांहीं हमरस्त्याचा वेग नव्हे. सुरतेहून नागपूर, भंडारा, लाखनी, साकोली या मार्गानें पूर्वेकडे जाणारा राष्ट्रीय मार्ग पूर्वीं क्रमांक ६ चा होता, आतां ५३ चा आहे. त्यावर गाड्या याच्या दुप्पट वेगानेंही धांवतात. वेग दुप्पट झाला कीं धडकेचा जोर दुप्पट होत नाहीं, चौपट होतो.

हें गणित माणसाच्या शरीरावर करून पाहण्याचें धाडस अमेरिकेच्या हवाई दलांतील जॉन स्टॅप या डॉक्टरानें केलें. डिसेंबर १९४७ मध्यें कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांत रुळांवरून धांवणाऱ्या अग्निबाणाच्या घसरगाडींत तो स्वतः बसला. पहिल्या खेपेस त्यानें पाठ पुढें करून, म्हणजे पाठमोरें बसून प्रवास केला. पुढें त्यानें दोन्ही दिशांनीं बसून अनेक खेपा केल्या. १० डिसेंबर १९५४ रोजीं तोंड पुढें करून बसलेला असतां ताशीं ६३२ मैलांचा वेग गांठून तो कांहीं क्षणांत थांबला; शरीराच्या वजनाच्या ४६ पट ताण त्यानें सोसला आणि कांहीं काळ त्याचे डोळे रक्तानें भरून गेले. या प्रयोगांतून एक गोष्ट स्पष्ट झाली: मनुष्य पाठमोरा बसला असेल तर थांबण्याचा धक्का सबंध पाठीवर आणि डोक्यावर सारखा वांटला जातो आणि शरीर तो पुष्कळच सुखानें सोसतें, तोंड पुढें असेल तर तोच धक्का कांहीं पट्ट्यांवर आणि मानेवर एकवटतो. म्हणून स्टॅपनें प्रवासी विमानांतही आसनें पाठमोरीं असावींत असा आग्रह धरला. ब्रिटिश हवाई दलाच्या वाहतुकीच्या विमानांत तशीं आसनें बसविलींही गेलीं. नागरी विमान कंपन्यांनीं मात्र तो सल्ला मानला नाहीं. उतारूंना जिकडे जावयाचें तिकडे पाहण्याची हौस असते.

मोटारींतील प्रौढांसाठीं निल्स बोलिन या स्वीडिश यंत्रज्ञानें १९५९ मध्यें तीन ठिकाणीं बांधला जाणारा पट्टा दिला. हा पट्टा छातीवरून आणि कमरेवरून जातो. पण तो प्रौढांच्या हाडांसाठीं आहे. दीड वर्षाच्या मुलाच्या गळ्यावर तो फांस होईल. मुलांसाठीं निराळी योजना हवी होती. १९६२ मध्यें इंग्लंडांत जीन एम्स या बाईनें इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराच्या पट्ट्याचें पाठमोरें आसन सुचविलें. त्याच सुमारास अमेरिकेंत लेनर्ड रिव्हकिन यानें लोखंडी सांगाड्याचें, पण पुढें तोंड असलेलें आसन केलें.

या इतिहासांतील मुख्य पुरुष मात्र स्वीडनचे डॉक्टर बर्टिल आल्डमन. पुढें ते गोटेबोर्ग येथील चामर्स तंत्रविद्यापीठांत वाहतूक-सुरक्षेचे प्राध्यापक झाले. अमेरिकेच्या जेमिनी अवकाशयानांसाठीं जीं आसनें तयार होत होतीं त्यांची रचना त्यांच्या लक्षांत आली. अवकाशवीर यानांत पाठीवर रेलून बसतो. यान उडतांना आणि पृथ्वीच्या वातावरणांत परततांना जो प्रचंड दाब येतो तो त्याच्या सबंध पाठीवर पसरतो. आल्डमन यांनीं विचार केला कीं, जी योजना अवकाशवीरास वांचविते ती पाळण्यांतल्या बालकास कां वांचवूं नये? १९६४ मध्यें त्यांच्या कल्पनेचा पहिला नमुना व्होल्वो गाडींत बसवून पाहण्यांत आला. १९७२ मध्यें त्या कारखान्यानें मूल पाठमोरें बसवितां येईल असें आसन बाजारांत आणलें. तेव्हांपासून स्वीडनमध्यें मूल चार वर्षांचें होईपर्यंत पाठमोरेंच बसवावें हा परिपाठ पडला, आणि आज तेथील कित्येक आजीआजोबा स्वतःच पाठमोऱ्या आसनांत वाढलेले आहेत.

हा आग्रह तान्ह्यांच्या बाबतींतच कां, याचें उत्तर त्यांच्या शरीररचनेंत आहे. नवजात बालकाचें डोकें त्याच्या एकंदर लांबीच्या चौथ्या हिश्श्याइतकें असतें. प्रौढ माणसांत तें सातव्या-आठव्या हिश्श्याइतकें होतें. लहान शरीरावर एवढें जड डोकें आणि त्याला पेलणारी मान मात्र कोंवळी. मानेच्या मणक्यांचे भाग जन्मतः पूर्ण हाडाचे नसतात. ते कूर्चेनें जोडलेले असतात आणि पुढील कांहीं वर्षांत हळूहळू सांधत जातात. तोंड पुढें करून बसलेल्या मुलाचें धड पट्ट्यांनीं जागच्या जागीं थांबतें, पण डोकें पुढें झेंपावतें. त्या वेळीं सारा ताण त्या कोंवळ्या मानेवर येतो. मणक्यांचे बंध ताणले जातात, पण त्यांतून जाणारा मज्जारज्जु तेवढा ताण सोसूं शकत नाहीं. पाठमोऱ्या आसनांत डोकें, मान आणि पाठ एकाच कवचांत एकाच वेळीं टेकलेलीं असतात आणि एकत्रच थांबतात. समोरासमोरच्या धडकेंत, म्हणजे सर्वांत घातक ठरणाऱ्या प्रकारांत, याचा लाभ सर्वांत अधिक होतो.

येथपर्यंत आजीची समजूत पटण्यास हरकत नाहीं. पण तिचा मूळ प्रश्न मानेचा नव्हताच, पायांचा होता. हा प्रश्न भंडाऱ्यांतच विचारला जातो असें नाहीं. स्वीडनमध्यें, अमेरिकेंत, जपानांत, जेथें जेथें पाठमोरें आसन गेलें तेथें तेथें तो विचारला गेला, आणि हजारों मुलांचीं आसनें केवळ या एका शंकेपायीं वेळेआधींच पुढें फिरविलीं गेलीं. म्हणून त्याचें उत्तर नीट तपासलें पाहिजे.

पहिली गोष्ट, दुमडलेले पाय म्हणजे दुखणारे पाय, हा प्रौढांचा अनुभव आहे, मुलांचा नव्हे. त्यांतही तो खुर्चीवर बसण्याची संवय झालेल्या प्रौढांचा. ज्या घरांत पाटावर मांडी घालून जेवण होत असे, ज्या शाळांत मुलें सतरंजीवर तासन्‌ तास बसत, त्या समाजानें तरी दुमडलेल्या पायांची धास्ती घेण्याचें कारण नाहीं. दोन वर्षांचें मूल घरांत कसें बसतें तें पाहावें. तें कधीं फतकल मारतें, कधीं उकिडवें बसतें, कधीं मांडी घालतें, कधीं एक पाय उभा आणि एक आडवा ठेवतें. पाय लोंबते सोडून खुर्चीवर तें क्वचितच बसतें, आणि बसलें तरी दोन मिनिटांत पाय वर घेतें. त्याचे सांधे लवचिक असतात, हाडें मऊ असतात, शरीर हलकें असतें. पाठमोऱ्या आसनांत तें हेंच करतें: मांडी घालतें, बेडकासारखे गुडघे बाजूस टाकतें किंवा पाय समोरच्या गादीवर उभे टेकवितें. याउलट, पुढें तोंड असलेल्या आसनांत पाय अधांतरीं लोंबत राहतात आणि कडेच्या दाबानें मांडीखालीं मुंग्या येतात. मोकळी जागा आणि आराम या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट खुब्याच्या सांध्याची. गुडघे वांकलेले आणि मांड्या फांकलेल्या ही कडेवरची बैठक बालकाच्या खुब्यास हितकर आहे, असें अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात. ज्या समाजांत मुलें कडेवर किंवा पाठीवर अशीं वाहिलीं जातात त्यांत जन्मजात निखळलेल्या खुब्याचा विकार कमी आढळतो आणि जेथें तान्ह्यांचे पाय सरळ करून घट्ट गुंडाळतात तेथें तो अधिक आढळतो. म्हणजे जी बैठक आजीनें आपल्या कडेवर स्वतःच शिकविली, तीच बैठक नातू त्या आसनांत घेत असतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अपघातांत पाय मोडतील ही भीति. अमेरिकेंतील अपघातांच्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, पायांस दुखापत होण्याचा प्रकार पुढें तोंड असलेल्या मुलांत विशेष आढळतो. त्यांचे पाय उसळून पुढच्या बैठकीच्या पाठीवर आदळतात आणि गुडघ्याखालचें हाड मोडतें. पाठमोऱ्या मुलाचे पाय समोरच्या धडकेंत बैठकीच्या पाठीपासून दूर, वर उचलले जातात. आणि समजा, पायास इजा झालीच. तर लहान मुलाचें मोडलेलें हाड प्लॅस्टरांत कांहीं आठवड्यांत सांधतें. तुटलेल्या मज्जारज्जूस कोणतेंही प्लॅस्टर नाहीं.

तरीही आसन बनविणाऱ्यांनीं आईबापांची ही शंका हंसण्यावारी नेली नाहीं. स्वीडिश आसनें प्रथमपासूनच बैठकीच्या पाठीपासून थोडीं दूर बसवून खालून पट्ट्यांनीं ताणलीं जात, म्हणून पायांस अधिक जागा मिळे. पुढें अमेरिकेंत आसनाच्या पायथ्याशीं सरकणारी फळी बसवून पांच इंचांपर्यंत जास्त जागा देणारीं आसनें निघालीं. आसनाचा कलही बदलतां येऊं लागला: तान्ह्याला मान सांवरत नाहीं म्हणून तें अधिक कललेलें, आणि बसूं लागलेल्या मुलाला अधिक उभें. मात्र आसन अपुरें पडलें याची खूण पाय नव्हे, डोकें होय. बहुतेक आसनांच्या नियमाप्रमाणें डोक्याची टाळू कवचाच्या वरच्या कडेखालीं एक इंच, म्हणजे सुमारें अडीच सेंटिमीटर असेपर्यंत आणि मुलाचें वजन आसनावर लिहिलेल्या मर्यादेंत असेपर्यंत तें त्याला पुरतें.

कायद्याचा इतिहासही बोधप्रद आहे. अमेरिकेंत मुलांच्या आसनांचें पहिलें सरकारी मानक १९७१ चें. पण त्यांत आसन प्रत्यक्ष धडक देऊन पाहण्याची अट नव्हती, ती १९८१ पासून लागू झाली. १९७८ मध्यें टेनेसी राज्यांत मुलांसाठीं आसन सक्तीचें करणारा पहिला कायदा लागू झाला आणि १९८५ पर्यंत सर्व राज्यांनीं त्याचें अनुकरण केलें. युरोपांत २०१३ पासून लागू झालेल्या नव्या मानकानुसार मूल पंधरा महिन्यांचें होईपर्यंत पाठमोरेंच बसविलें पाहिजे.

या शास्त्राचा इतिहास चुकांपासूनही मुक्त नाहीं. २००७ मध्यें अमेरिकेंत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांखालील मुलांस पाठमोरें आसन कितीतरी पट सुरक्षित असल्याचें त्यांत दाखविलें होतें. त्याच्या आधारानें तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०११ मध्यें दोन वर्षांपर्यंत पाठमोरें बसविण्याचा सल्ला दिला. पुढें त्या गणितांतील दोष उघडकीस आले. २०१७ मध्यें झालेल्या फेरतपासणींत पाठमोऱ्या मुलांना इजा कमी होतात असेंच दिसलें, पण अपघातांचे दाखले इतके थोडे होते कीं पूर्वींचा मोठा आंकडा टिकला नाहीं. आणि मूळ लेख मागें घेण्यांत आला. २०१८ मध्यें त्या संस्थेनें आपला सल्ला पुन्हां लिहिला. त्यांतून दोन वर्षांची रेघ गाळली, परंतु आसनाच्या मर्यादेपर्यंत, जितका अधिक काळ शक्य असेल तितका काळ, मूल पाठमोरें ठेवावें हें कायम राखलें. धडकेच्या प्रयोगशाळांचा आणि स्वीडनच्या दीर्घ अनुभवाचा आधार त्यास होताच. एक आंकडा ढळला म्हणून मानेची रचना बदलत नाहीं.

भारतांत या गोष्टीस कायद्याचा स्पर्श अलीकडे झाला. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यांत २०१९ मध्यें जी दुरुस्ती झाली तिनें १९४-ख हें कलम घातलें. १ सप्टेंबर २०१९ पासून चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्यानें किंवा बालकांच्या आसनानें सुरक्षित न करतां गाडी चालविणारास एक हजार रुपये दंड ठरला. या कलमांत आसनाचें तोंड कोणीकडे असावें याबद्दल एक शब्दही नाहीं. तें ज्ञान घरानेंच मिळवावयाचें आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यु झाला. ते मागें बसले होते आणि त्यांनीं पट्टा लावलेला नव्हता. मागची बैठक म्हणजे निर्धास्त जागा, या महाराष्ट्रांतील समजुतीला त्या दिवशीं मोठा तडा गेला. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारतांत गाड्यांची स्वतःची धडक-परीक्षा सुरू झाली, आणि तींत दीड वर्षाच्या व तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे आसनांत बसवून गाडीस गुण दिले जातात. ज्या वयाबद्दल आजी आणि सून यांचा वाद चालतो, तेंच वय या परीक्षेनें निवडलें आहे.

अर्थात् जिल्ह्यांतील सर्व मुलें मोटारींतून हिंडत नाहींत. पवनी, तुमसर, मोहाडीच्या खेड्यांतील पुष्कळ मुलें एस्.टी.नें, काळी-पिवळी जीपनें किंवा बापाच्या दुचाकीवर प्रवास करतात. दुचाकीसाठींही २०२२ च्या फेब्रुवारींत नियम झाला: नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलास चालकाच्या अंगाशीं बांधणारा पट्टा आणि डोक्यास शिरस्त्राण असावें, आणि वेग ताशीं ४० किलोमीटरांवर जाऊं नये. ज्या घरीं मोटार आहे त्या घरावर तर जबाबदारी अधिकच येते. कारण साधन त्याच्या हातीं आहे.

मग मूल त्या आसनांत रडतें तें कां? बहुधा पायांमुळें नव्हे. वैदर्भीय उन्हाळ्यांत अंगणांत उभ्या राहिलेल्या गाडींतील पट्ट्याची कडी चटका देण्याइतकी तापते. आसनावर पांढरा पंचा झांकून ठेवावा आणि बसविण्यापूर्वीं कडीस हात लावून पाहावा. पट्टे खांद्याच्या रेषेंत किंवा किंचित खालून निघावेत आणि अंगाशीं इतके लागावेत कीं खांद्यावर पट्ट्याची चिमटी धरतां येऊं नये. जाड दुपटें किंवा स्वेटर पट्ट्याखालीं नसावा, तो पट्ट्यावरून पांघरावा. पुढच्या बैठकीसमोर हवेची पिशवी असेल तर पाठमोरें आसन तेथें कधींही बांधूं नये. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत अशा पिशवीच्या धक्क्यानें बालकें दगावलीं. आणि दर दीड-दोन तासांनीं गाडी थांबवून मुलास बाहेर काढावें, पाय मोकळे करूं द्यावेत. भंडाऱ्याहून नागपूर साठ-एक किलोमीटर. तेवढ्या प्रवासांत एका मुक्कामाचीही गरज पडत नाहीं.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष आजीच्या विरुद्ध जातो असें मात्र मानूं नये. मूल घट्ट धरून ठेवलें पाहिजे, त्याची पाठ टेकलेली असावी, डोकें सांवरलेलें असावें आणि पाय पोटाशीं असावेत, हेंच ती आयुष्यभर करीत आली. डॉक्टर आल्डमन यांनीं निराळें कांहीं केलें नाहीं. गाडीचा वेग वाढला तेव्हां मांडीलाही तेवढें बळ हवें हें ओळखून त्यांनीं तिला कवच आणि पट्टे दिले, इतकेंच. आजीनें त्या आसनाच्या शेजारींच बसावें. मूल पाठमोरें असल्यामुळें त्याला रस्ता दिसत नाहीं, पण शेजारीं बसलेल्या आजीचें तोंड दिसतें. गाडी नागपूरच्या वाटेस लागेपर्यंत नातवाचे पाय गादीवर टेकलेले असतील, डोळे जड झालेले असतील, आणि आजीचा हात त्याच्या गुडघ्यावर असेल. त्या हातानें आतां त्याला पेलावयाचें नाहीं. नुसतें थोपटावयाचें आहे.